गच्चीवरचा वॉर्ड

डिसेंबर लागला की सकाळी पेपर उघडून मी आधी निफाडचा आकडा बघते. नाशिकचा त्यानंतर. निफाडला पारा किती उतरला यावर आमच्या शहराची दिवसभराची बोलणी ठरतात. दूधवाल्यापासून शाळेतल्या शिपायापर्यंत प्रत्येकजण तो आकडा अशा थाटात सांगतो, की हाच तिथे थर्मामीटर धरून उभा होता. आज आकडा बराच खाली होता. स्वेटरवर शाल ओढून मी गच्चीवर गेले. खाली रिक्षा स्टँडवर खोक्यांची शेकोटी पेटली होती, तिचा करपट वास वर येत होता. समोरच्या पेरूवर पोपट भांडत होते. कठड्याला हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. अशा सकाळी मला हमखास आठवते ती मालूआत्या, कोपरापर्यंत बाह्या वर सारून टाकीत हात घालून उभी असलेली, आणि तिच्याभोवती हुडहुडत उभे असलेले आम्ही सगळे.

लोडशेडिंगच्या वर्षांतला तो हिवाळा. माझा नवरा सुधीर अंबडच्या एका कारखान्यात होता, यंत्रांच्या देखभालीचं काम. सायबर कॅफेत बसून त्याने कुठून तरी ॲक्वापोनिक्स नावाची गोष्ट शोधून काढली आणि दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. टाकीत मासे पाळायचे, माशांच्या विष्ठेचं पाणी पंपाने खडीच्या वाफ्यांत सोडायचं, त्यावर भाजी वाढते, आणि भाजीच्या मुळांतून निवळलेलं पाणी परत माशांकडे येतं. माती नाही, खत नाही. हजार लिटरची काळी टाकी, तोंड कापून रुंद केलेली. निळी पिंपं उभी चिरून केलेले चार वाफे. आणि सगळ्या गच्चीभर पांढरे पाइप. गंमत म्हणजे सुधीर स्वतः मासे खात नाही. त्याला रस पाण्याच्या फिरण्यात. संध्याकाळी घरी आला की बूट न काढता वर जायचा आणि वाफ्यातून टाकीत पडणाऱ्या धारेखाली हात धरून उभा राहायचा, देवळात तीर्थ घेतात तसा.

धरणाजवळच्या कोळ्यांकडून चिलापी माशाची साठ पिल्लं आणली होती. बोटाएवढी. पावसाळ्यात ती झरझर वाढली. पालक, पुदिना, मेथी अशी फोफावली की इमारतीतल्या आठही घरी जुड्या जायच्या. आमच्या इमारतीत या प्रकाराला 'सुधीररावांची फॅक्टरी' म्हणत.

मालूआत्या आमच्याकडे आली ती त्याच वर्षी, गणपतीच्या सुमारास. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. इगतपुरीच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिने उभं आयुष्य काढलं आणि निवृत्त होऊन क्वार्टर सोडल्यावर मी तिला आग्रहाने घेऊन आले. लहानपणी माझी दिवाळीची सुट्टी तिच्याकडे जायची. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. घाटातून धुकं थेट खोलीत शिरायचं, कपडे तीन-तीन दिवस वाळायचे नाहीत, आणि आत्या पांढरीशुभ्र साडी नेसून, केसांचा घट्ट अंबाडा घालून ड्यूटीवर निघायची. जाताना भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवायची. त्यावर माझा दिवस लिहिलेला असे: दूध, अभ्यास, जेवण, झोप. प्रत्येकापुढे मी खूण करायची. परत आल्यावर ती आधी तो कागद बघायची आणि मग मला.

त्या आत्याला आमच्या घरात काही सुचत नव्हतं. रोज दुपारी चारला ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायची, "नीला, मी चहा टाकू का?" तीन महिने रोज. मी म्हणायची, अगं विचारतेस काय, घर तुझंच आहे. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तोच प्रश्न. बाकी वेळ ती गॅलरीतल्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसलेली. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर माणसं बसतात ना, नाव पुकारायची वाट बघत, तशी. दिवाळी झाल्यावर एकदा म्हणाली, "इगतपुरीला बाजारपेठेत एक खोली बघून ठेवली आहे. संक्रांत झाली की जाईन म्हणते. तुमच्या संसारात अडचण नको." मला रडू आलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, तिसावर मुलांचा वर्ग सांभाळते, पण एका माणसाला घरात घर कसं वाटावं हे मला जमत नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मासे मंदावले. टाकलेलं खाणं तळाशी तसंच पडून राहायचं. सुधीर कामावर, म्हणून मी काळजीने आत्याला वर घेऊन गेले. तिने टाकीत वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खाली गेली आणि आपल्या पेटीतलं तापाचं थर्मामीटर घेऊन आली. पाण्यात धरलं. पारा जागचा हलेना, कारण तापाच्या थर्मामीटरचे आकडेच मुळी पस्तिसापासून सुरू होतात.

"हा पेशंट गेलेला दिसतो," आत्या म्हणाली.

आमच्याकडे आल्यापासून तिने केलेला तो पहिला विनोद.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं लांब थर्मामीटर मागून आणलं. पाणी सतरावर होतं. आत्याने वहीचं पान फाडलं, पट्टीने रेघा मारल्या आणि टाकीवर तक्ता टांगला. पाणी, हवा, खाणं, हालचाल. सकाळ, दुपार, संध्याकाळ. हालचालीच्या रकान्यात 'बरी', 'मंद', 'सुस्त' असे शेरे, इगतपुरीच्या भिंतीवरच्या कागदावर असे त्याच ठसठशीत अक्षरात. तीन दिवसांचे आकडे बघून तिने पहिला हुकूम काढला: खाणं बंद.

"अगं, आधीच मलूल आहेत," मी म्हणाले. "उपाशी मरतील."

"गार पोटात अन्न पचत नाही, कुजतं. न खाल्लेलं पाण्यात कुजतं. पाण्याला वास येतोय तो तुला नाही कळत?" तिने माझ्या हातातला खाण्याचा डबा काढून घेतला. "दुपारी पाणी विसाच्या वर गेलं तर चिमूटभर. नाहीतर काही नाही. नातेवाइकांनी पेशंटला भरवायला बसू नये."

मी नातेवाईक झाले होते.

मग तिने सुधीरला गाठलं. "सुधीरराव, तुमचा हा पंप रात्रभर चालतो?" तो अभिमानाने म्हणाला, वीज असेल तोवर अखंड. "म्हणजे तुम्ही पाणी गार वाऱ्यात फिरवून आणता आणि पुन्हा माशांच्या अंगावर ओतता." सुधीर थोडा वेळ पाइपांकडे बघत राहिला. पावसाळ्यात जे खडीचे वाफे पाण्याला निवळत होते, तेच आता त्याला थंड करत होते, आणि यंत्रांत आयुष्य घालवणाऱ्या त्याच्या हे ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मोठा पंप फक्त उन्हात चालू, दहा ते चार. उरलेल्या वेळी नुसते हवेचे बुडबुडे. जेवताना सुधीर मला हळूच म्हणाला, "आत्या आमच्या कारखान्यात हव्या होत्या." मी ते आत्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चारला चहा आयता माझ्यासमोर आला. विचारलं नव्हतं.

टाकीला पांघरूण हवं होतं. आम्ही गोणपाट गुंडाळले, टीव्हीच्या खोक्यातलं थर्मोकोल लावलं. आत्याचं समाधान होईना. तिने इगतपुरीला फोन केला आणि दोन दिवसांनी सकाळच्या पॅसेंजरने किसन नावाचा एक शेतकरी भाताच्या पेंढ्याचे दोन मोठे भारे घेऊन नाशिकरोडला उतरला. रिक्षावाल्यांनी नकार दिला म्हणून टेम्पोच्या मागे पेंढ्यावरच बसून आला. तिसऱ्या मजल्यापर्यंत भारे चढवून दारात उभा राहिला, टोपी काढली.

"शिस्टरबाई म्हनल्या पेशंट गारठलाय, म्हनून तसाच निघालो. कुठं हाय पेशंट?"

आत्याने त्याला गच्चीवर नेलं. त्याने टाकीत डोकावलं. मग आत्याकडे बघितलं, मग पुन्हा टाकीत.

"हे व्हय," तो म्हणाला.

त्याची तिन्ही पोरं आत्याच्या हातावर जन्मली होती. तिसऱ्या खेपेला बायको जायची वेळ आली होती, तेव्हा आत्या दोन दिवस तिच्या उशाशी होती, हे मला त्या दिवशी कळलं. आत्याने कधी सांगितलं नव्हतं. किसनने पेंढ्याची जाड वेणी घातली आणि टाकीला तळापासून वरपर्यंत अशी गुंडाळली, की टाकी गर्भार म्हशीसारखी दिसायला लागली. वरून बांबू आणि प्लॅस्टिकचा कागद. जेवून, भरीत-भाकरीला नावाजून तो दुपारच्या गाडीने परत गेला. नंतर कितीतरी दिवस गच्चीवर भाताच्या खळ्याचा वास येत होता. आत्या तिथे खुर्ची टाकून बसायची. ऊन पाठीवर, हातात सोलायला मटार. गॅलरीतली खुर्ची रिकामी पडलेली पाहून मला बरं वाटायचं, आणि लगेच आठवायचं की संक्रांत महिन्यावर आली आहे.

नाशिकचा जानेवारी खरं म्हणजे फार लाडका असतो. बाजारात गाजरं, हिरवा हरभरा, बोरं, आवळे. सकाळी दहाचं ऊन अंगावर घ्यावं तर पुरणपोळीनंतर येते तशी गुंगी येते. शाळेत मुलं गणवेशावर आईचे स्वेटर घालून येतात, बाह्या बोटांच्या खाली लोंबतात. आकाश इतकं स्वच्छ की रामशेजचा डोंगर हात लांब करून पुसावा. पण त्या स्वच्छ आकाशाचीच भीती असते. ढग नसले की रात्री जमिनीची सगळी ऊब वर उडून जाते. हे मी वर्गात दरवर्षी शिकवत आले होते. त्या वर्षी ते मला प्रत्यक्ष दिसलं.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी आत्याने मला हलवून उठवलं. साडेसहा वाजले होते. वाऱ्याने प्लॅस्टिकचा कागद फाटून पलीकडच्या कडुनिंबावर जाऊन अडकला होता. टाकी उघडी. थर्मामीटर बारावर. मासे तळाशी आडवे पडले होते, एका कुशीवर, पांढरी पोटं दिसत होती. कल्ले मात्र अगदी सावकाश हलत होते. सुधीर हीटर घेऊन धावत आला आणि बटण दाबल्यावर त्याला आठवलं, सहा ते नऊ वीज नसते. तो तसाच वायर हातात धरून उभा राहिला. गॅसवर पाणी तापवायचं म्हटलं तरी हजार लिटरच्या टाकीला पातेलं कितीसं पुरणार? मला पहिल्यांदा वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात मासे नव्हतेच. हे मासे गेले तर आत्या संक्रांतीचीही वाट बघणार नाही, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात खालून हाक आली. हिराबाई. मखमलाबादहून टोपलीत भाजी घेऊन सात वाजता येणारी. आमच्या पालकामुळे तिचं गिऱ्हाईक थोडं कमी झालं होतं, त्यामुळे आमच्या 'फॅक्टरी'वर तिचा बारीक राग होता. कोणी भाजी घ्यायला येईना म्हणून ती गच्चीवर चढली आणि आमचे चेहरे पाहून टाकीजवळ आली.

"लय गारठली," ती म्हणाली. "मंग हापशाचं पानी घाला की."

"कसलं?"

"अवो ताई, भुईतलं पानी थंडीत कोमट ऱ्हातं. आमच्या द्राक्षाला कडाका पडला की पहाटं हिरीचं पानीच सोडत्यात. हापशाला बघा, वाफ निघती का नाय."

आमच्या कोपऱ्यावर जुना हापसा होता. नळ आल्यापासून त्याच्याकडे कोणी फिरकत नसे. सुधीर थर्मामीटर घेऊन जिने उतरला. वरून आम्ही बघत होतो. त्याने दांडा चार-पाच वेळा मारला, धार लागली, आणि त्या धारेतून खरंच वाफ निघाली. त्याने खालून दोन बोटं दाखवली, मग चार. चोवीस.

त्यापुढचा दीड तास आत्याचा होता. तिने आवाज चढवला नाही. पदर खोचला आणि एकेकाला काम वाटून दिलं. सुधीर हापशावर. हिराबाई आणि मी खालच्या जिन्यात. पहिल्या मजल्यावरचे जोशीकाका, जे कधी कुणाशी बोलत नसत, मधल्या वळणावर. त्यांच्यावर शेजारचं नवविवाहित जोडपं, रात्रीच्या कपड्यांवरच. सगळ्यात वर आत्या. दुसऱ्या मजल्यावरची पल्लवी, दिवस भरत आलेली, बादली घ्यायला पुढे झाली तेव्हा आत्याने तिला खुर्ची देऊन जिन्याच्या तोंडाशी बसवलं. "तू मोजायचं. दुसरं काही नाही."

आधी टाकीतलं तळाचं गार पाणी तोटीने सोडून दिलं. मग बादल्या. पहिली बादली आल्यावर सुधीर खालून ओरडला, पटापट ओता. आत्याने ती कडेने, हाताच्या तळव्यावरून, अगदी बारीक धारेने सोडली.

"गारठलेल्या माणसाला एकदम शेकत नाहीत," ती म्हणाली. "त्याला कळू द्यायचं की आपण आहोत."

बादल्या येत राहिल्या. स्वेटर निघाले, कानटोप्या निघाल्या. जिन्यात पाणी सांडून सगळे भिजले, आणि हसू का येत होतं कोण जाणे. जोशीकाका प्रत्येक बादलीला "सांभाळून हं" म्हणत. हिराबाई म्हणत होती, "आता माझीच मेथी घ्यायची समद्यांनी, सांगून ठेवते." पारा तेरावर. चौदावर. पल्लवीचा आवाज: एकतीस, बत्तीस. मान मोडून आली होती, तळहात लाल झाले होते. आत्या दर दहा बादल्यांनी थांबून तक्त्यावर लिहीत होती. घाईतही पट्टीने रेघ. साडेआठला ऊन गच्चीवर उतरलं. पल्लवी सत्तेचाळीस म्हणाली आणि आत्याने हात वर केला. पाणी सोळावर होतं.

आम्ही सगळे टाकीभोवती गोळा झालो. काही हललं नाही. मग तळाचा एक मासा सरळ झाला, पुन्हा कलंडला, पुन्हा सरळ झाला. त्याच्यामागून दुसरा. हळूहळू तळ हलायला लागला. शेपट्या, पाठी, करडे पट्टे. चार मासे मात्र उठले नाहीत. आत्याने ते ओंजळीत काढले, पालकाच्या पानावर ठेवले आणि तक्त्यावर लिहिलं: चार गेले. बाकी बरे.

त्या सकाळनंतर इमारतीत एक फरक पडला. जोशीकाका रक्तदाब मोजून घ्यायला यायला लागले. नवविवाहित मुलगी हाताला भाजल्यावर थेट आत्याकडे आली. हिराबाईने टोपली दारात ठेवून गुडघा दाखवला. आत्या सगळ्यांना खुर्चीत बसवायची आणि नाव विचारून वहीत लिहायची, ओळखीच्यांचंसुद्धा. तरी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिची पेटी बाहेरच्या खोलीत भरून ठेवलेली होती. तिळगुळाची डबी वरती. मी राहण्याचा आग्रह केला नाही. केला असता तर तिला पुन्हा पाहुण्यासारखं वाटलं असतं. दुपारची गाडी होती.

साडेदहाला पल्लवीची सासू धापा टाकत आली. पल्लवीला मुलगी होऊन पाच दिवस झाले होते, आदल्या संध्याकाळी घरी आणली होती, आणि सकाळपासून ती दूध ओढत नव्हती. आत्या चप्पल न घालता खाली गेली. बारा वाजले. एक वाजला. मी जेवण झाकून ठेवलं. गाडी गेली असणार हे आम्हा दोघांनाही कळलं होतं, पण सुधीर आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. दोनच्या सुमाराला ती वर आली. अंबाडा सुटला होता, अंगाला लहान बाळाचा, दुधाचा वास.

"प्यायली," ती म्हणाली. "नुसती गारठली होती. लोकरीचे कपडे चार घातलेले, पण सगळे ओलसर. आईच्या उघड्या छातीवर ठेवली, वरून पांघरूण. अर्ध्या तासात तोंड लावलं. पुन्हा चारला जायचंय, मग सातला."

मग तिने हात धुतले आणि माझ्या परवानगीशिवाय फोन उचलला. इगतपुरीला लावला.

"ती खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या," ती म्हणाली. "मला इकडे ड्यूटी लागली आहे."

होळीपर्यंत छप्पन्न मासे तळहातापेक्षा मोठे झाले होते आणि टाकीत मावेनासे झाले. सुधीरने हळूच विषय काढला: यांचं आता काय करायचं. मी म्हणाले, धरणात सोडू. सत्तेचाळीस बादल्यांनी वाचवलेला जीव कसा खायचा?  रविवारी सकाळी आत्याने जाळीने सहा काढले, स्वतः साफ केले, हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर परतले. सगळ्या जिन्यात वास. जोशीकाका खिडकी लावून घेतील असं वाटलं होतं. त्यांनी वाटी पाठवली.

आम्ही जेवायला बसलो. सुधीरच्या ताटात पालकाची भाजी. माझ्या ताटात खरपूस तुकडा, आणि मला हात लावता येईना. आत्या मात्र शांतपणे, चवीने जेवत होती.

"आत्या, तुला काहीच वाटत नाही?" मी विचारलं. "तूच तर त्यांना जगवलंस."

"मी त्यांची नर्स होते," आत्या म्हणाली. "आई नव्हते."

एवढं बोलून तिने माझं ताट आपल्याकडे ओढलं, तुकडा उघडला आणि बोटांनी चाचपत एकेक काटा काढून बाजूला ठेवला. मग पहिला घास करून माझ्या तोंडासमोर धरला. मी तेव्हा पस्तिशीची होते. मी तोंड उघडलं.